उत्तर आलं, आता ताळा घ्या: दोन समीकरणांची उकल तपासायची रीत

लग्नानंतर सोळा वर्षांनी मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसले. मराठी, भूगोल, विज्ञान यांचं दडपण नव्हतं. गणित भाग १ मधला पहिलाच धडा, दोन चलांतील रेषीय समीकरणे, त्याने मात्र मला महिनाभर गुंतवून ठेवलं. पद्धती जमायला फार वेळ लागला नाही. एका चलाचा लोप करायचा, दुसऱ्याची किंमत काढायची, परत ठेवायची. अडायचं ते पुढे. उत्तर यायचं, पण ते बरोबर आहे की नाही हे कळायला पुस्तकाची शेवटची पानं उलटावी लागायची. परीक्षेत ती पानं नसतात. सराव परीक्षेत या धड्यातले माझे सहा गुण गेले, आणि घरी येऊन पाहिलं तर तिन्ही चुका अर्ध्या मिनिटाच्या ताळ्यात सापडल्या असत्या.

आमच्या बचत गटाची वही माझ्याकडे असते. बैठक संपली की रोकड मोजून वहीतल्या शिल्लकेशी मेळ घातल्याशिवाय मी पेटी बंद करत नाही. समीकरणाचा ताळा म्हणजे तेच काम आहे. फरक इतकाच, की कशाचा मेळ कशाशी घालायचा हे इथे नीट ठाऊक हवं. चुकीच्या जागी ताळा घेतला तर चुकीचं उत्तरही बरोबर दिसतं. माझं तसंच झालं होतं, म्हणून हे सगळं लिहिते आहे.

एक सांगून ठेवते. पुस्तकात चलांसाठी इंग्रजी अक्षरं असतात. मी इथे जुन्या पद्धतीने क्ष आणि य लिहिते.

काय जवळ हवं

- मूळ प्रश्न: पुस्तक किंवा प्रश्नपत्रिका. तुम्ही वहीत उतरवून घेतलेला प्रश्न चालणार नाही.
- पेन्सिल, आणि कच्च्या कामासाठी थोडी कोरी जागा.
- धन-ऋण संख्यांची बेरीज आणि गुणाकार. हे डळमळीत असेल तर आधी दोन दिवस त्यालाच द्या. ताळ्यातल्या निम्म्या चुका चिन्हांच्या असतात.

कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा. बोर्डाच्या परीक्षेत तो नेता येत नाही, तेव्हा घरीही त्याची सवय नको.

पायरी १: मूळ प्रश्नाकडे परत जा

उत्तर मिळालं की डोळे साहजिकच वहीतल्या शेवटच्या दोन-तीन ओळींवर असतात. तिथून उठा आणि प्रश्नपत्रिकेवर बोट ठेवा. का, ते या उदाहरणात बघा.

३क्ष + २य = १३ …(१)
५क्ष − य = १३ …(२)

य चा लोप करायचा म्हणून (२) ला २ ने गुणायचं. घाईत डावी बाजू गुणली जाते आणि उजवी तशीच राहते: १०क्ष − २य = १३. हे (१) मध्ये मिळवलं की १३क्ष = २६, म्हणजे क्ष = २. (१) मध्ये ठेवलं की ६ + २य = १३, म्हणून य = ७/२.

आता हीच जोडी वहीतल्या १०क्ष − २य = १३ मध्ये ठेवून पाहा. २० − ७ = १३. जुळलं! समाधान वाटतं, आणि उत्तर साफ चूक असतं. मूळच्या (२) मध्ये ठेवा: १० − ७/२ = ६.५. हवे होते १३. आलेलं हव्या असलेल्याच्या बरोबर निम्मं आहे. असं निम्मं, तिप्पट, चौपट दिसलं की गुणताना एक बाजू राहिली का, ते सगळ्यांत आधी बघा. खरी उकल (३, २) आहे: ९ + ४ = १३ आणि १५ − २ = १३.

प्रश्न उतरवताना झालेली चूकही इथेच सापडते. ८ चा ३ झालेला असतो, उणेचा अधिक झालेला असतो. वहीतल्या समीकरणात ताळा घेतलात तर हे जन्मात कळणार नाही.

पायरी २: किंमत कंसात ठेवा आणि डावी बाजू एकटी सोडवा

क्ष − ३य = १७ …(१)
२क्ष + ५य = −२१ …(२)

समजा उत्तर (२, −५) आलं आहे. ताळा असा लिहा:

(१) डावी बाजू = (२) − ३(−५) = २ + १५ = १७ = उजवी बाजू
(२) डावी बाजू = २(२) + ५(−५) = ४ − २५ = −२१ = उजवी बाजू

कंस सोडू नका. कंसाशिवाय ५ आणि −५ शेजारी आले की हात ‘५ − ५’ लिहून मोकळा होतो आणि शून्य येतं. उणे तीन गुणिले उणे पाच म्हणजे अधिक पंधरा, हेही कंस असला तरच डोळ्यांना दिसतं. माझ्या सहापैकी दोन गुण याच जागी गेले.

दुसरी गोष्ट. पहिल्या ओळीतच ‘= १७’ लिहून मग संख्या इकडून तिकडे नेत बसू नका. तसं केलं की आपण ताळा घेत नाही, समीकरण पुन्हा सोडवायला लागतो, आणि हवं ते उत्तर यावं म्हणून मन नकळत एखादं चिन्ह बदलतं. डावी बाजू एकटी सोडवायची. शेवटी जे येईल ते उजव्या बाजूशेजारी ठेवून पाहायचं.

पायरी ३: दोन्ही समीकरणांत घ्या, आणि जे वापरलं नाही त्यात आधी

या लेखातली ही सगळ्यात कामाची पायरी आहे. वरचीच समीकरणं घेऊ. (१) ला २ ने गुणलं: २क्ष − ६य = ३४. त्यातून (२) वजा केलं: −११य = ५५. इथे उणे चिन्ह निसटलं आणि य = ५ लिहिलं गेलं, असं समजा. आता क्ष काढायला (१) घेतलं: क्ष − १५ = १७, म्हणून क्ष = ३२. उत्तर (३२, ५). दिसायला किती नीटनेटकं!

(१) मध्ये ताळा: ३२ − १५ = १७. बरोबर.

इथेच बहुतेक जण थांबतात. मीही थांबायचे. पण जरा विचार करा. क्ष ची किंमत आपण (१) मधूनच काढली आहे. य ची किंमत काहीही असती, ५ असती, ५०० असती, तरी (१) जुळेल असाच क्ष आपण निवडला असता. म्हणजे (१) मधला ताळा फक्त शेवटची दोन ओळींची आकडेमोड तपासतो, य खरा की खोटा याबद्दल तो काहीच बोलत नाही.

(२) मध्ये ठेवा: ६४ + २५ = ८९. हवे होते −२१. चूक उघडी पडली.

म्हणून सवय अशी लावा: दुसऱ्या चलाची किंमत ज्या समीकरणातून काढली त्याच्याशेजारी पेन्सिलीने छोटी खूण करा. ताळ्याला आधी बिनखुणेचं समीकरण घ्या. वेळ अगदीच कमी असेल तर तेवढं एक तपासलं तरी बरंच काम होतं. वेळ असेल तर दोन्ही.

निश्चयकाच्या पद्धतीने, म्हणजे क्रेमरच्या रीतीने सोडवलं असेल तर ही सवलत नाही. तिथे क्ष आणि य वेगवेगळे काढलेले असतात, एकातून दुसरा निघत नाही. दोन्ही समीकरणं तपासावीच लागतात.

पायरी ४: जुळलं नाही तर लगेच खोडू नका

ताळा चुकला की घाबरून सगळं उदाहरण खोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करणं ही वेळ घालवायची हमखास वाट. दोन तासांत ४० गुणांचा पेपर असतो. न जुळलेला ताळा बरंच काही सांगून जातो, ते आधी वाचा.

खुणेचं समीकरण जुळलं, दुसरं नाही: पहिल्यांदा काढलेली किंमत चुकली आहे. लोप करतानाच्या ओळी बघा. शेवटच्या ओळी ठीक आहेत.

खुणेचंच समीकरण जुळलं नाही: किंमत परत ठेवताना घोळ झाला आहे. तेवढ्या दोन ओळी पुन्हा करा.

दोन्ही जुळली नाहीत आणि पद्धत क्रेमरची आहे: आता फरक मोजा. पायरी १ मधलीच समीकरणं निश्चयकाने सोडवली असं धरा. मुख्य निश्चयक = ३(−१) − २(५) = −१३. क्ष चा निश्चयक = १३(−१) − २(१३) = −३९, म्हणून क्ष = ३. य चा निश्चयक = ३(१३) − १३(५) = ३९ − ६५, आणि इथे −२६ ऐवजी २६ लिहिलं गेलं, म्हणून य = −२.

ताळा:
(१) ९ − ४ = ५. हवे १३. म्हणजे ८ कमी.
(२) १५ + २ = १७. हवे १३. म्हणजे ४ जास्त.

फरक −८ आणि +४. आता समीकरणांतले य चे सहगुणक बघा: २ आणि −१. २ × (−४) = −८ आणि (−१) × (−४) = ४. दोन्ही फरक य च्या सहगुणकांच्या प्रमाणात आहेत, दोन्हीकडे पट −४. याचा अर्थ क्ष बरोबर आहे, चूक एकट्या य मध्ये आहे, आणि तो ४ ने कमी पडला आहे. −२ + ४ = २, खरी किंमत. क्ष चे सहगुणक ३ आणि ५ आहेत, त्यांच्याशी हे फरक जुळत नाहीत.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. न जुळलेल्या ताळ्यांकडे बघत बसले असताना एका संध्याकाळी लक्षात आलं, आणि त्या दिवशी मला गणित आवडायला लागलं. फक्त एक लक्षात ठेवा: यावरून चुकीची जागा शोधा आणि निश्चयकाची ती ओळ दुरुस्त करा. नुसतं शेवटचं उत्तर बदललं तर वरच्या पायऱ्या आणि उत्तर यांचा मेळ राहणार नाही, आणि गुण पायऱ्यांनाही असतात.

दोन्ही चलं चुकली असतील तर असं प्रमाण सापडत नाही. तेव्हा आधी मुख्य निश्चयक तपासा. त्यात चूक असेल तर दोन्ही किमती बिघडतात.

पायरी ५: शाब्दिक उदाहरणाचा ताळा शब्दांत घ्या

इथे सापळा वेगळा आहे. समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर त्याची उकल त्याच्यात बरोबर बसेल, आणि उत्तर तरीही चूक असेल.

गटाच्या पेटीतलंच उदाहरण घ्या. २० आणि ५० रुपयांच्या मिळून २३ नोटा आहेत, एकूण ७३० रुपये. प्रत्येकी किती? मी लिहिलं: ५० च्या नोटा क्ष, २० च्या नोटा य. क्ष + य = २३. आणि मग सवयीने २०क्ष + ५०य = ७३०. उत्तर आलं क्ष = १४, य = ९. समीकरणांत ताळा: १४ + ९ = २३, २८० + ४५० = ७३०. दोन्ही जुळली. मी उत्तर लिहिलं, ‘५० च्या १४ नोटा’. उरलेले गुण असे गेले.

शब्दांत ताळा घेतला असता तर? ५० च्या १४ नोटा म्हणजे ७००, २० च्या ९ म्हणजे १८०, एकूण ८८०. पेटीत तर ७३० च आहेत.

म्हणून शाब्दिक उदाहरणात समीकरणं झाकून ठेवा. उत्तराचं पूर्ण वाक्य मनात म्हणा आणि प्रश्नातलं एकेक वाक्य त्याच्याशी पडताळा. वय, नोटा, माणसं उणे आली किंवा अपूर्णांकात आली तर तिथेच थांबा. दोन अंकी संख्येचा अंक ९ च्या पुढे जात नाही, हेही पाहा.

अशी उदाहरणं आपल्याकडे फार जुनी आहेत. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह हा ग्रंथ लिहिला. त्यात एक प्रश्न आहे: ९ महाळुंगं आणि ७ कवठं यांची किंमत मिळून १०७, ७ महाळुंगं आणि ९ कवठं यांची १०१. एका महाळुंगाची आणि एका कवठाची किंमत काय?

उत्तर महाळुंग ८, कवठ ५. ताळा: ७२ + ३५ = १०७, ५६ + ४५ = १०१.

आता किमती उलट करून बघा. महाळुंग ५, कवठ ८. पहिल्या वाक्यात ४५ + ५६ = १०१ येतं, दुसऱ्यात ३५ + ७२ = १०७. तेच दोन आकडे, जागा बदललेल्या! कच्च्या कामात नुसते १०१ आणि १०७ दिसले म्हणून खूण करणारा इथे नक्की फसतो. कोणता आकडा कोणत्या वाक्याचा, हे लिहूनच ताळा घ्या. (८, ५) आणि (५, ८) या दोन वेगळ्या जोड्या आहेत.

पायरी ६: चल छेदात असेल तर एक पायरी मागे या

३/क्ष + २/य = २
९/क्ष − ४/य = १

इथे १/क्ष = म आणि १/य = न मानून सोडवतात. म = १/३, न = १/२ येतं, ३म + २न = १ + १ = २ जुळतं, आणि हुश्श करून (१/३, १/२) लिहिलं जातं. विचारलेत क्ष आणि य. मूळ समीकरणात ठेवलं की ३ भागिले १/३ म्हणजे ९, २ भागिले १/२ म्हणजे ४, बेरीज १३. हवे होते २. खरी उकल (३, २): १ + १ = २ आणि ३ − २ = १.

पायरी ७: अपूर्णांक अपूर्णांकच ठेवा; आलेखाला थोडी सूट द्या

क्ष + २य = ५ आणि ३क्ष − य = ४ यांची उकल (१३/७, ११/७). ताळा: १३/७ + २२/७ = ३५/७ = ५, आणि ३९/७ − ११/७ = २८/७ = ४. सुंदर जुळतं. हेच १.८६ आणि १.५७ घेऊन केलं तर पहिल्यात नेमके ५ येतात, दुसऱ्यात ४.०१. मग आपण चुकलो की काय, या शंकेत पाच मिनिटं जातात.

आलेख काढून छेदनबिंदू वाचला असेल तर गोष्ट निराळी. आलेखावरून तुम्ही (१.९, १.६) वाचलंत तर ५.१ आणि ४.१ येईल. इतका फरक पेन्सिलीच्या टोकाचा असतो. पण फरक २-३ चा असेल तर एखादा बिंदू चुकीच्या जागी पडला आहे, रेषा पुन्हा तपासा. छेदनबिंदू पूर्णांकात वाचला असेल तर मात्र ताळा काटेकोर जुळायलाच हवा.

पायरी ८: जुळलं, पण हीच एक उकल आहे का?

शेजारणीचं उत्तर (३, ०), तुमचं (०, २), आणि समीकरणं २क्ष + ३य = ६ व ४क्ष + ६य = १२. दोघींचाही ताळा जुळतो. भांडू नका, दोघी बरोबर आहात. दुसरं समीकरण म्हणजे पहिल्याचीच दुप्पट आहे, रेषा एकच आहे, तिच्यावरचा प्रत्येक बिंदू चालतो. उलट ४क्ष + ६य = १५ असतं तर कोणतीच जोडी दोन्हींत बसली नसती, कारण रेषा समांतर आहेत.

ताळा फक्त ‘ही जोडी चालते’ एवढंच सांगतो. ‘हीच एकटी चालते’ हे कळायला सहगुणकांची गुणोत्तरं बघा. क्ष च्या आणि य च्या सहगुणकांची गुणोत्तरं वेगळी असली की उकल एकच.

बहुपर्यायी प्रश्नांसाठी

इथे सोडवायची गरजच नाही, पर्याय ठेवून बघा. पण प्रश्न करणारेही हुशार असतात. क्ष + य = ७, २क्ष − य = ५ यासाठी पर्याय (५, २), (३, ४), (६, १), (४, ३) दिले तर चौघेही पहिल्या समीकरणात बसतात. पहिलाच बसला म्हणून खूण केली की गेला गुण. ज्या समीकरणात पर्याय गळतील ते आधी घ्या. इथे दुसऱ्यात ८, २, ११ आणि ५ येतात, म्हणजे (४, ३).

हातात पेन्सिल घ्या

खाली तीन प्रश्न आणि कुणीतरी काढलेली उत्तरं आहेत. सोडवू नका, फक्त ताळा घ्या.

अ) २क्ष − ७य = ३१, ३क्ष + ४य = ३. उत्तर (५, −३).
ब) क्ष/२ + य/३ = ४, २क्ष − य = २. उत्तर (६, ३).
क) ६क्ष − ४य = १०, ९क्ष − ६य = १५. उत्तर (३, २).

(अ) बरोबर आहे: १० + २१ = ३१ आणि १५ − १२ = ३. (ब) पहिल्यात बसतं, ३ + १ = ४, पण दुसऱ्यात १२ − ३ = ९ येतं; खरी उकल (४, ६). (क) दोन्हींत बसतं, १८ − ८ = १० आणि २७ − १२ = १५, मात्र (१, −१) ठेवून बघा, तेही बसेल.